प्रति: चार्टिस्टांची जमीन योजना

चार्टिस्ट म्हणजे १८४० च्या सुमारास ब्रिटनमध्ये कामगारांसाठी मताधिकार मागणारे चळवळे. त्यांचा पुढारी फिअर्गस ओ'कॉनर याने एक कंपनी काढली: कामगारांनी पैसे भरून सभासद व्हायचं आणि कंपनीने जमीन घेऊन त्यांना घर नि शेताचा तुकडा द्यायचा. इथे कुणी म्हटलंय की ओ'कॉनरने गिरणी कामगारांना जमिनीचं गाजर दाखवून लुबाडलं. हे काही पटत नाही बुवा. १८४८ मध्ये संसदेच्या समितीने हिशेब तपासले, तेव्हा वह्यांचा सगळा गोंधळ होता खरा, पण कंपनीकडूनच ओ'कॉनरचे तीन हजार पौंडांहून अधिक येणं निघालं! लुबाडणारा माणूस पदरचे पैसे घालत नाही. कारभारी म्हणून मात्र तो दिव्यच होता. सभासद सत्तर हजारांच्या घरात आणि जमीन मिळाली जेमतेम अडीचशे जणांना.

इंग्लंडच्या वूस्टरशर परगण्यात ग्रेट डॉडफर्ड या कंपनीच्या वसाहतीतलं 'रोझडीन' हे एक घर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने जपलंय. बैठं, विटांचं. मधोमध स्वयंपाक-बैठकीची खोली, दोन्ही बाजूंना निजायच्या खोल्या, मागे धुण्याभांड्यांची जागा. आठ-दहा जणांनी एका खोलीत झोपणाऱ्या कामगाराला हा वाडाच वाटला असणार.

कंपनीच्या आधीच्या वसाहतींत जमीन कुणाला द्यायची याची सोडत निघायची. ती बेकायदा ठरल्यावर डॉडफर्डला जो जास्त अनामत भरेल त्याला आधी जमीन. म्हणजे गरिबांची योजना आणि पुढे पैसेवाला! त्यात जमीन चिकण मातीची, गहू-बटाट्यावर भागेना. कंपनी १८५१ मध्ये कायद्यानेच गुंडाळली गेली, पण लोक टिकले. कशावर, तर स्ट्रॉबेरीवर. आणि लसणावर, जो वूस्टर सॉस हा चटकदार इंग्रजी सॉस बनवणाऱ्यांकडे जायचा.