राखीव जंगलातील ओढ्यात चढणीचे मासे अडले आहेत, मदत हवी आहे

नमस्कार. सिंधुदुर्गातील आमच्या गावचा ओढा राखीव जंगलातून उतरून नदीला मिळतो. मृगाच्या पहिल्या पुरात मळ्ये, शिंगटी असे मासे अंडी घालण्यासाठी याच ओढ्याने वर चढतात; मात्र वनरस्त्याखाली नवी मोरी बांधली तेव्हापासून तिच्या पाइपाचे तोंड खालच्या डोहापासून दोन हात उंच राहिले आहे. यंदा मी तिथे तासभर उभा होतो. गाबोळीने पोट तट्ट फुगलेले मासे पुन्हा पुन्हा उसळी घेत होते, काँक्रीटवर आपटत होते आणि खाली लावलेल्या जाळ्यांत पडत होते. चढणीचे मासे पूर्वीही पकडले जात, आमच्या घरीही येत. पण तेव्हा पुष्कळसे मासे वर निसटत, आणि आता ती वाटच बंद झाली, हे मनाला फार लागते.

वनहक्क कायद्याच्या कलम ५ नुसार ग्रामसभेला पाणलोट व जलस्रोत जपण्याचा अधिकार आहे, आणि आंबोलीत हिरण्यकेशी नदीच्या उगमाला तेथील माशामुळे जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळालेला आहे. या आधारावर वनविभागाकडून मोरीखाली दगडांच्या पायऱ्या रचून घेण्याचा अनुभव कोणाला आहे का? ग्रामसभेच्या ठरावात नेमके काय लिहावे, आणि त्याआधी लोक जैवविविधता नोंदवहीत (गावातील जीवजातींची नोंद ठेवणाऱ्या वहीत) या माशांची नोंद करून घ्यावी का? पुढच्या मृगापूर्वी काम व्हावे, अशी आमची धडपड आहे. ठरावाचा एखादा नमुना असल्यास कृपया द्यावा.