होडीच्या मागच्या बाजूचा क्रमांक बघितलात का?

जुन्या शिडाच्या होडीवरचे नोंदणीचे आकडे पुसले गेले म्हणजे ती कुणी बांधलेली ते कळणारच नाही, असं काहींचं मत असतं; मला ते पटलं नाही. अमेरिकेत नोव्हेंबर १९७२ पासून बांधलेल्या होड्यांवर मागच्या सपाट भागात, उजवीकडे वर, १२ अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. पहिली तीन अक्षरं बांधणाऱ्याची. रंगाखाली दबला असेल तर टॉर्च तिरपा धरून बघा. होडी त्याआधीची असेल तर शिडावरचं चिन्ह शोधा, त्यावरून होडीचा प्रकार कळू शकतो.

पण लगेच रंगकामाला लागू नका. माझ्या होडीचं डेक, म्हणजे वरचा सपाट पृष्ठभाग, वरून छान दिसायचं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेले, तर डोलकाठीच्या बुडाशी बद्द आवाज! फायबरच्या दोन थरांमधलं बाल्सा लाकूड पाणी मुरून पार कुजलेलं. तेवढं कापून नवं बसवण्यात अख्खा उन्हाळा गेला. स्क्रूची जुनी भोकं इपॉक्सीने (घट्ट होणाऱ्या चिकट रसायनाने) नक्की बुजवा, पाणी बहुतेकदा तिथूनच शिरतं.