आयरिश वॅगनचं रेझिन किट: १६.५ आणि २१ मि.मी., दोन्ही गेजवाल्यांना एकच किट कसं द्यायचं?

खडीरूळ:
नमस्कार मंडळी. ४ मि.मी. स्केलमध्ये (एका फुटाला ४ मि.मी.), म्हणजे १:७६ मध्ये, जुन्या लाकडी चौचाकी आयरिश रेल्वे-वॅगनच्या मॉडेलचं किट बनवतोय. वॅगन जनावरांची, 'कॉन्व्हर्टिबल' म्हणतात ती, छताचा मधला भाग ताडपत्रीचा असलेली. पहिली खेप २५ ते ३० किटांची, विक्री आयर्लंडमधून. अडचणी अशा:

मास्टर, म्हणजे साच्यासाठीचा मूळ नमुना, रेझिन प्रिंटरवर काढला आणि प्लॅटिनम सिलिकॉन ओतलं. दोन दिवस झाले तरी फळ्यांच्या खाचांजवळ सिलिकॉन चिकटच आहे. त्याच सिलिकॉनने बाजूंचा एक सपाट साचा कसाबसा निघाला, पण त्यातल्या बाजू दुसऱ्या दिवशी धनुष्यासारख्या वाकतात.

दुसरं म्हणजे गिऱ्हाइकं दोन प्रकारची आहेत. बरेच जण १६.५ मि.मी. गेजच्या (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) तयार रुळांवर गाड्या चालवतात, काही जण मोजूनमापून २१ मि.मी.वर. दोन वेगळी किटं काढणं परवडणार नाही. आणि उत्तर आयर्लंड, ब्रिटन इथे पाठवताना कराचं काय करायचं? टप्प्याटप्प्याने सांगितलंत तर बरं होईल.

सोलबार:
आधी साचा. प्लॅटिनम सिलिकॉन आणि यूव्ही रेझिनचा प्रिंट यांचं जमत नाही. प्रिंटमध्ये उरलेलं अर्धकच्चं रेझिन सिलिकॉनमधल्या प्लॅटिनमला निकामी करतं आणि नेमकं खाचांत, जिथे धुलाई पोचत नाही, तिथे सिलिकॉन चिकट राहतं. तो साचा फेकून द्या, थांबून तो सुधारत नाही. मास्टर आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) दोनदा, दुसऱ्यांदा स्वच्छ आयपीएमध्ये धुवा, पूर्ण वाळू द्या, सगळ्या बाजूंनी यूव्ही द्या आणि या वेळी टिन-क्युअर (कथिलाच्या संयुगाने घट्ट होणारं) सिलिकॉन घ्या. त्याला ही बाधा होत नाही. टिनचा साचा काही महिन्यांनी आक्रसतो आणि ठिसूळ होतो, म्हणून मास्टर जपून ठेवा. ३० किटांच्या खेपेला तो पुरतो. नाजूक खाचांचा साचा ३० ते ५० ओतकामांनंतर कडांना फाटू लागतो, तेव्हा बाजूंचे दोन साचे सुरुवातीलाच करून ठेवलेले बरे.

बाजू वाकण्याचं कारण बहुतेक घाई. पॉलियुरेथेन रेझिन १५-२० मिनिटांत घट्ट दिसतं, पण २ मि.मी. जाडीच्या पातळ तुकड्यात प्रक्रियेची उष्णता टिकत नाही, त्यामुळे तो जाड तुकड्यापेक्षा सावकाश पक्का होतो. तो लवचीक असताना साच्यातून ओढून काढला की ओढलेल्या दिशेलाच वाकून बसतो. पाऊण तास साच्यात राहू द्या, काढल्यावर दोन काचांमध्ये सपाट ठेवून वर वजन ठेवा, रात्रभर. आधीच वाकलेल्या बाजू गरम पाण्यात मऊ करून काचेवर दाबल्या की बऱ्याचशा सरळ होतात.

प्रेशर पॉट (दाबाखाली ओतकाम करायचं भांडं) वापरणार असाल तर साचासुद्धा त्याच दाबाखाली घट्ट होऊ द्यायला हवा. साध्या हवेत घट्ट झालेल्या सिलिकॉनमध्ये बारीक बुडबुडे अडकून राहतात. नंतर ४० पीएसआय दाबाला ते दबतात, त्या जागी खळगा होतो, रेझिन खळग्यात शिरतं आणि प्रत्येक फळीवर पुरळ उठल्यासारखं दिसतं. लोक रेझिनला दोष देतात, दोष साच्याचा असतो. पॉट नसेल तर ओतण्याआधी रिव्हेटच्या आणि बिजागऱ्यांच्या खाचांत कापसाच्या काडीने रेझिन घासून घ्या आणि मग साचा भरा. हा एक मिनिट वाचवला तर तुकड्यामागे तीन-चार रिव्हेटं डोक्याशिवाय येतात. डबा उघडल्यावर हवेतला ओलावा आत जातो आणि रेझिन फेसाळतं, तेव्हा लहान डबे घ्या. हातमोजे आणि हवेशीर जागा याला पर्याय नाही, रेझिनच्या दोन भागांपैकी एकात आयसोसायनेट असतं.

आक्रसणं मोजून घ्या. सिलिकॉन आणि रेझिन मिळून अर्धा टक्का धरला, तर १६ फुटांची वॅगन, म्हणजे ६४ मि.मी.चा तुकडा, ०.३ मि.मी.ने लहान येतो. एकट्या बाजूला ते दिसत नाही, पण टोकं वेगळ्या साच्यातून आली आणि त्यांचं आक्रसणं वेगळं निघालं तर कोपऱ्यात फट पडते. पहिल्या तीन ओतकामांवर कॅलिपर लावा, मगच मास्टर किती मोठा करायचा ते ठरवा.

आता गेज. आयर्लंडचं ५ फूट ३ इंच ४ मि.मी. स्केलला बरोबर २१ मि.मी. होतं. १६.५ शी फरक ४.५ मि.मी., म्हणजे प्रत्येक चाक २.२५ मि.मी. बाहेर सरकतं. १६.५ ला चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.५ आणि बाहेरून बाहेर साधारण २०. २१ ला फाइन (अरुंद) चाकं लावली तर बाहेरून बाहेर जवळजवळ २४. ब्रिटिश वॅगनच्या किटमधली चासी उचलून खाली लावली तर २१ वाल्याची चाकं डब्ल्यू-आयर्नला (चाकांचा आस धरणाऱ्या आधारांना) घासतात आणि ब्रेक-शू चाकाच्या आत, रुळाच्या मधोमध लोंबतात. तुमची चासी सुरुवातीपासून २१ साठी आखा, १६.५ वाला त्यात आपोआप बसतो. उलटं होत नाही.

डब्ल्यू-आयर्नच्या आतल्या बाजूंमध्ये २४.५ ते २४.८ मि.मी. ठेवा. पिनपॉइंट (दोन्ही टोकं अणकुचीदार असलेला) अ‍ॅक्सल दोन्ही गेजला चालतो, फक्त पितळी बेअरिंग अ‍ॅक्सलबॉक्समध्ये खोल जायला हवं, म्हणून अ‍ॅक्सलबॉक्सच्या मागे २ मि.मी.चं भोक पुरेसं खोल ओता. ब्रेक-शू सुटे द्या आणि तळाला दोन जोड्या खाचा ठेवा, एक आतली, एक २.२५ मि.मी. बाहेर. गिऱ्हाईक आपल्याला हवी ती वापरेल.

तीनकडी:
सोलबार यांच्याशी सहमत, एक जोड देतो. चासी पूर्ण रेझिनची ओतली तर ती थोडी तरी पिळलेली येतेच. काचेवर उभी करा, तीन चाकं टेकतील, चौथ्याखाली कागदाची पट्टी सरकेल. साधा कागद ०.१ मि.मी.चा असतो, तो सहज सरकत असेल तर वॅगन पॉइंटवर (रूळ बदलण्याच्या जागी) घसरणारच. यावर चांगला उपाय म्हणजे एक अ‍ॅक्सल पक्का आणि दुसरा डोलणारा: ०.३८ मि.मी. पितळी पत्र्याचे एच केलेले (रसायनाने कोरलेले) डब्ल्यू-आयर्न, मधोमध ०.७ च्या तारेवर टेकवलेले. एचिंगच्या एका पत्र्यावर अनेक वॅगनचे संच बसतात, त्यामुळे फार महाग पडत नाही. अ‍ॅक्सलबॉक्स आणि स्प्रिंगा रेझिनच्या, वरून चिकटवायच्या.

वजन विसरू नका. रेझिनची रिकामी चौचाकी वॅगन हलकी असते आणि लांब गाडीत, मधोमध, वळणावर आत ओढली जाते. अ‍ॅक्सलमागे २५ ग्रॅम, म्हणजे वॅगनला ५० ग्रॅम, हा जुना अंदाज चांगला आहे. जनावरांच्या वॅगनला फळ्यांमधून आतलं दिसतं, तेव्हा शिशाचे तुकडे वर ठेवून चालत नाही. तळ दुहेरी करा आणि मध्ये २ मि.मी.ची पोकळी ठेवा. तिथे शिसं पीव्हीएने (पांढऱ्या लाकूड-गोंदाने) चिकटवू नका, असं सूचनापत्रात ठळक लिहा. बंद जागेत काही वर्षांनी शिसं फुगतं आणि तळ उचलला जातो. सायनो (झटपट चिकटणारा गोंद) किंवा इपॉक्सी वापरायला सांगा.

कपलिंगसाठी १६.५ वाल्यांना एनईएम खिसा (कपलिंग खुपसायची प्रमाणित खाच) हवा असतो, त्याची उंची रुळाच्या माथ्यापासून ८.५ मि.मी. २१ वाले बहुतेक साखळी लावतात. बफर-बीममध्ये (टोकाच्या आडव्या तुळईत) साखळीच्या हूकसाठी चिरेची खूण करून ठेवा, आरपार करू नका.

फिक्कट_राखाडी:
घडणीवर चांगलं सांगून झालं, पण किट विकलं जातं ते तपशील खरा असेल तर. आयरिश गिऱ्हाइकाला सगळ्यात आधी खटकतं ते काळी चासी. ब्रिटिश सवयीने लोक खालचा भाग काळा रंगवतात. आयर्लंडमध्ये बॉडी, सोलबार (चासीची बाजूची लांब तुळई), लोखंडी पट्ट्या सगळं एकाच रंगात असायचं, राखाडी तर सगळं राखाडी. खोक्यावरच्या फोटोत चासी काळी दिसली की जाणकार माणूस ते किट परत ठेवतो.

आता धंद्याच्या दृष्टीने. १९२५ साली फ्री स्टेटच्या (आताच्या आयर्लंड प्रजासत्ताकाच्या) हद्दीतल्या रेल्वे कंपन्या एकत्र करून जीएसआर (ग्रेट सदर्न रेल्वेज) झाली आणि १९४५ ला तिच्या जागी सीआयई ही वाहतूक कंपनी आली. मिडलंड ग्रेट वेस्टर्नची एखादी वॅगन पुढे जीएसआरची, मग सीआयईची होऊन बरीच वर्षं धावली. म्हणजे एकाच साच्यावर तीन काळांचे ट्रान्सफर (वॅगनवर चिकटवायची अक्षरं-चिन्हं) देता येतात: मूळ कंपनीचे, जीएसआरची मोठी 'जी' आणि 'एस' अक्षरं, आणि सीआयईचं 'उडती गोगलगाय' म्हणून ओळखलं जाणारं चिन्ह. १९६० च्या दशकात आलेलं 'तुटक्या चाकाचं' चिन्ह आणि १९७० च्या आसपासचा तपकिरी रंग द्यायचा की नाही, हे ती वॅगन तेव्हा शिल्लक होती का ते फोटोत पाहून ठरवा. जीएनआर (ग्रेट नॉर्दर्न रेल्वे) मात्र वेगळी ठेवा. सीमेच्या दोन्ही बाजूंना रूळ असल्याने ती १९२५ च्या एकत्रीकरणात नव्हती, १९५८ ला सीआयई आणि यूटीए (उत्तर आयर्लंडची वाहतूक संस्था) यांच्यात तिची वाटणी झाली. जीएसआरच्या वॅगनवर जीएनआरचे ट्रान्सफर टाकून विकू नका.

माप कुठून घ्यायचं? डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनात आयरिश रेल्वे रेकॉर्ड सोसायटीचं ग्रंथालय आहे. प्रत्यक्ष वस्तू पाहायच्या तर उत्तर आयर्लंडमधली डाउनपॅट्रिकची जतन केलेली रेल्वे आणि कल्ट्राचं वाहतूक संग्रहालय. टेप घेऊन गेलात तर तिथल्या लोकांना आधी विचारा. सोलबारची खोली, फळीची रुंदी आणि कोपऱ्यातल्या लोखंडी पट्टीची जाडी नक्की घ्या. ड्रॉईंगमध्ये हे तिन्ही अनेकदा अस्पष्ट असतं, आणि १ इंच म्हणजे ०.३३ मि.मी., तेवढी चूक डोळ्याला दिसते.

वॅगन चांगली निवडलीत. साखर-बीट, सिमेंटचे 'बबल' (गोल टाकीचे डबे), खडीचे हॉपर, टारा खाणीचे डबे हे तयार मॉडेल म्हणून येऊन गेलेत. तिथे रेझिन किटाला जागा उरत नाही. १९६० च्या आधीच्या लाकडी मालात अजून बरंच काम बाकी आहे.

हिशेबवही:
विक्रीचं बोलतो.

आयर्लंडमध्ये मालाच्या विक्रीवर व्हॅट नोंदणीची मर्यादा २०२५ पासून ८५,००० युरो आहे. ३० किटांना तिची चिंता नाही. पण दुसरी मर्यादा लक्षात ठेवा: ईयूच्या इतर देशांतल्या ग्राहकांना वर्षाला १०,००० युरोंच्या वर विक्री गेली की ग्राहकाच्या देशाचा व्हॅट लागतो, तेव्हा ओएसएस (सगळ्या ईयू देशांचा व्हॅट एकाच ठिकाणी भरायची सोय) नोंदणी करायची. मालाच्या बाबतीत उत्तर आयर्लंड व्हॅटसाठी ईयूच्या नियमांत आहे, त्यामुळे बेलफास्टच्या गिऱ्हाइकाला कस्टम्सचा फॉर्म नाही. बेलफास्ट आणि लिव्हरपूल या दोन पत्त्यांचं गणित पूर्ण वेगळं आहे, एकाच 'युके' दराखाली टाकू नका.

ब्रिटनला १३५ पौंडांपर्यंतचं पार्सल थेट ग्राहकाला विकलं, तर ब्रिटिश व्हॅट विक्रेत्यानेच घ्यायचा असतो, त्यासाठी तिथे नोंदणी, आणि बाहेरच्या विक्रेत्याला किमान मर्यादाही नाही. छोट्या माणसाचा सोपा मार्ग म्हणजे ब्रिटनच्या ऑर्डरी ऑनलाइन बाजारपेठेवरून घेणं, तिथे व्हॅट बाजारपेठ कापते. कमिशन जातं, पण ती किंमत योग्य आहे.

खोक्यावर 'संग्राहकांसाठी, वय १४ वर्षे व त्यापुढील' ही ओळ ठसठशीत छापा. ईयूच्या २००९ च्या खेळणी निर्देशात तपशीलवार स्केल मॉडेल आणि त्यांची किटं या ओळीसह खेळण्यांतून वगळली आहेत. ओळ नसेल तर खेळण्यांच्या चाचण्या तुमच्या गळ्यात पडू शकतात. पण एवढ्याने संपत नाही. १३ डिसेंबर २०२४ पासून उत्पादन सुरक्षेचा नवा ईयू नियम लागू आहे, उत्तर आयर्लंडलाही. उत्पादकाचं नाव, टपाल पत्ता आणि ईमेल खोक्यावर हवा, आणि तुमच्याकडे धोक्यांचं लेखी विश्लेषण. त्यात रेझिन घासताना उडणारी धूळ, एच केलेल्या पत्र्याच्या धारा आणि शिसं देत असाल तर शिसं, हे लिहा.

स्वतःच्या नावाऐवजी दुसऱ्या नावाने धंदा करणार असाल तर ते सीआरओकडे (आयर्लंडच्या कंपनी नोंदणी कार्यालयाकडे) नोंदवा. ऑनलाइन ग्राहकाला १४ दिवसांत परत करण्याचा हक्क आहे आणि तो आधी सांगितला नाही तर मुदत १२ महिन्यांनी वाढते. रेल्वे कंपनीचं चिन्ह खोक्यावर किंवा जाहिरातीत वापरण्याआधी लेखी परवानगी घ्या.

खडीरूळ:
मनापासून आभार. टिन-क्युअर मागवतोय, चासी २१ साठी पुन्हा आखतो. एक शंका: साचेच नकोत, थेट प्रिंट विकले तर?

सोलबार:
५-६ नगांसाठी चालेल, ३० साठी नाही. प्रिंट तिरका काढला की फळ्यांवर पायऱ्या उठतात आणि खाचांतून त्या घासता येत नाहीत. शिवाय साधं यूव्ही रेझिन उजेडात आणखी कडक होत जातं, जनावरांच्या वॅगनच्या बारीक पट्ट्या टपालातच मोडतात. ब्रेक-शू आणि बफर मात्र प्रिंटचे द्या, ते ओतण्यापेक्षा स्वच्छ येतात. आणि प्रत्येक किटात एक जादा ब्रेक-शू टाका. एक तरी शू गालिच्यात हरवतोच, आणि सुट्या भागाच्या पाकिटाचं टपाल त्या भागापेक्षा महाग पडतं.

तीनकडी:
पाठवण्याआधी खेपेतलं एक किट सूचनापत्रावरूनच, २१ मि.मी. च्या चाकांवर पूर्ण जोडून बघा. १६.५ ला सगळं जुळतं, चूक असलीच तर २१ लाच बाहेर येते. मग छताच्या ताडपत्रीखालची फट बघा, कॉन्व्हर्टिबलमध्ये बाजू आत झुकतात त्या तिथेच. माथ्यावर आडवी एक पट्टी ओतलेली ठेवलीत तर जोडताना रुंदी धरून राहते, छत बसण्याआधी ती कापून टाकायची.