मदत हवी आहे: सहा वर्षांच्या लेकीला घरीच गणित शिकवायला कोणतं पुस्तक धरावं?

नमस्कार ताई-दादांनो. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो, शेती कापूस-तुरीची. लेकीला घरीच शिकवतोय.

चिंचोके मांडून बेरीज-वजाबाकी ती आवडीनं करते. वेचलेला कापूस काट्यावर चढला की आकडा वाचायला सगळ्यांच्या आधी धावते. अडतं ते विसाच्या पुढं. 'पंचवीस' म्हटलं की ५२ लिहिते, कारण मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक मागून. बालभारतीनं २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचन आणलं, तेव्हा मला ते अजिबात पटलं नव्हतं. आता लेकीची वही बघून त्यामागचं कारण कळतंय. पण घरात आजी आणि बाजारात दुकानदार 'पंचवीस'च म्हणणार ना!

दोन्ही वाचनं सोबत शिकवली तर गोंधळ वाढतो का? कोणी घरी करून पाहिलंय?

दुसरं म्हणजे, बालभारतीचं पुस्तक धरावं की एनसीईआरटीचं? छापीलच हवं, इथं नेट टिकत नाही. वेचणीच्या दिवसांत रोज अर्धा तासही मिळत नाही, तेव्हा थोड्या वेळात जमेल असं सुचवा. पुढं एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या मुक्त बेसिक शिक्षणातून तिसरीच्या तोडीची परीक्षा द्यायचा विचार आहे.