कोरीवकाम रेखाटताना उन्हाची वेळ बघा
जुन्या इमारतींचं सौंदर्य जाणवतं, पण चित्र सपाट होतं, असं एका विद्यार्थ्याने लिहिलंय. दोष बहुतेकदा हाताचा नसतो, वेळेचा असतो. ऊन समोरून पडलं की कोरीवकामाचा उठाव हरवतो. भिंतीला घासून आलं की पाकळीची बारीक कडही सुटी दिसते. म्हणजे पूर्वेकडच्या भिंतीसाठी भल्या सकाळी नको, ऊन तिच्यावरून सरायच्या आधीचा तास गाठा.

प्रथम डोळ्यांच्या पातळीची आडवी रेघ. मग डोळे किलकिले करून फक्त सावल्यांचे आकार, तेही पहिल्या १०-१५ मिनिटांत, कारण सूर्य तासाला १५ अंश सरकतो. एकदा मांडलेली सावली नंतर अजिबात बदलू नका! दोन वेळांच्या सावल्या मिसळल्या की उठाव मोडतो. विटा मोजायची गरज नाही, सज्जाखालची गडद पट्टी मात्र नीट हवी.