वर्गांना एसी आणि प्युरिफायर लावायच्या आधी खिडक्यांचं बघा

कोथरूडची_आई

आमच्या शाळेच्या पालकसभेत विषय निघाला की जूनपासून सगळ्या वर्गांना एसी आणि एअर प्युरिफायर बसवायचे, आणि त्यासाठी प्रत्येक मुलामागे साडेतीन हजार रुपये 'सुविधा शुल्क'. बऱ्याच पालकांनी लगेच होकार दिला, कारण डिसेंबर-जानेवारीत सर्दी-खोकल्याने अर्धा वर्ग घरी होता आणि पुण्याची हवा किती बिघडलीये ते आता कोणाला सांगायला लागत नाही. मी विरोध केला, आणि तो का केला ते इथे सविस्तर लिहिते.

आपण घरात लावतो तो स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही, खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत खोलीत सोडतो. आणि एसी आला की सगळ्यात आधी खिडक्या बंद. मग चाळीस-पन्नास मुलं एकमेकांनी सोडलेला श्वास आत घेत बसणार. राहिला प्युरिफायर, तर त्यातला हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के पकडतो हे मान्य, पण कार्बन डायऑक्साइड त्याला अजिबात पकडता येत नाही. बाहेर मोकळ्यावर तो साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो आणि वर्गात १००० च्या आत असावा असं सर्वसाधारणपणे धरतात. एवढ्या प्रमाणात तो विषारी नसतो, पण आकडा चढला की समजायचं वर्गात ताजी हवा येत नाहीये, आणि एका मुलाचा व्हायरस सगळ्या वर्गाला मिळणार.

वर्गशिक्षिकांना विचारून मी कार्बन डायऑक्साइड मोजायचं एक मीटर मागच्या बाकावर ठेवलं होतं. थंडी म्हणून सकाळपासून खिडक्या बंद, मधल्या सुट्टीच्या आधी आकडा २६०० वर. सुट्टीत दार आणि दोन्हीकडच्या खिडक्या उघडल्या, पोरं डबे खाऊन परत आली तेव्हा ६०० च्या जवळपास. एक रुपया खर्च नाही. आता त्या खिडक्यांची अवस्था ऐका, चारपैकी एक प्रोजेक्टच्या कपाटामागे गेलीये आणि एक गेल्या रंगकामात चौकटीला अशी चिकटलीये की शिपाईकाकांना हातोडी मारूनसुद्धा उघडली नाही. आधी हे करा ना, मग मागा पैसे.

सिंहगड_रोडवासी

ताई, पूर्ण असहमत. तुमची शाळा आतल्या गल्लीत असणार, म्हणून खिडक्या उघडा म्हणणं सोपं आहे. आमच्या मुलीची शाळा मेन रोडला लागून आहे, उड्डाणपुलाचं काम चालू होतं तेव्हा सकाळी बाकावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ असायची, आता पूल झाला तरी बस, टेम्पो, सहा आसनी, सगळ्यांचा धूर सरळ दुसऱ्या मजल्यावर येतो. खिडकी उघडली की तुमचा कार्बन डायऑक्साइड उतरेल पण पीएम २.५, म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणारे बारीक कण, चढतील त्याचं काय? जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे, आपल्या देशाची ६०, म्हणजे आपल्याकडे 'ठीक' म्हणतात तीच हवा त्यांच्या हिशोबात चौपट खराब. माझ्या मुलीला दमा आहे, दप्तरात इनहेलर असतो. कोंदट वर्गात तिला पेंग आली तर घरी येऊन झोपेल, पण श्वास अडकला तर हॉस्पिटल गाठायला लागतं. मी साडेतीन काय पाच हजार देईन.

वाकडकर

सिंहगड रोडवाल्यांशी सहमत, आणि उकाड्याबद्दल कोणीच का बोलत नाहीये? एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावरचे वर्ग, त्यात काही ठिकाणी तर डोक्यावर पत्रा, बाहेर चाळीस डिग्री. पंखा नुसती गरम हवा फिरवतो. जुलै-ऑगस्टमध्ये खिडकी उघडी ठेवली की डास, आणि डेंग्यू दर पावसाळ्यात ठरलेला. एसी म्हणजे चैन हे आता डोक्यातून काढा. आणि २६०० म्हणजे नक्की काय बिघडलं? आम्ही साठ-साठ जणांच्या वर्गात शिकलो, कोणी मीटर लावला नव्हता.

पेठेतले_मास्तर

तुम्ही साठ-साठ जण बसायचात त्या वर्गांना डोक्याच्या वर झरोके होते हो. मी पेठेतल्या जुन्या इमारतीत अनेक वर्षं शिकवलंय, उंच छत, समोरासमोर खिडक्या, वरून गरम हवा बाहेर आणि खालून गार हवा आत, पंखा नसतानासुद्धा जीव घाबरा व्हायचा नाही. नंतर त्याच इमारतीत फॉल्स सिलिंग टाकलं, झरोके गेले, मग लोक म्हणायला लागले की वर्गात कोंदट वाटतं.

आणि मुख्य मुद्दा दोघांच्याही लक्षात आलेला नाही. शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवी ३५. प्रत्यक्षात एकेका खोलीत किती बसतात ते मोजा. दुसरं म्हणजे झाडू. मुलं प्रार्थनेला खाली गेली की मावशी कोरडा केर काढतात, पंखा चालूच, मुलं वर येतात तेव्हा ती सगळी धूळ हवेतच तरंगत असते. त्यावर खडू, आणि डस्टर खिडकीच्या कठड्यावर आपटायची सवय, ती पावडर वाऱ्याने परत आत. ओल्या फडक्याने पुसा आणि शाळा सुटल्यावर पुसा, एवढं सांगायला कोणाला शुल्क लागतं? आमच्या महापालिकेच्या शाळांमधल्या पोरांसाठी तर प्युरिफायरची भाषाच करू नका, तिथे पंखा दुरुस्त करून घ्यायला अर्ज करायला लागतो.

हवेचा_इंजिनिअर

माझं कामच व्हेंटिलेशनचं आहे म्हणून थोडा हिशोब मांडतो. वर्ग २५ बाय २० फूट आणि छत १० फूट धरलं तर ५००० घनफूट, म्हणजे साधारण १४० घनमीटर. प्युरिफायरने काही फरक पडायचा तर तासाला पाच वेळा तेवढी हवा त्यातून जायला हवी, म्हणजे ७०० घनमीटर. घरगुती मशीनचा सीएडीआर, म्हणजे ते तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा, बहुतेक ३०० च्या आसपास असतो, तोही फुल स्पीडला. म्हणजे एका वर्गाला दोन-तीन मशीन लागतात आणि ती सगळी फुल स्पीडला लावली की बाईंचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही, मग त्या काय करतात, स्पीड कमी करतात. शाळा एका वर्गात एकच छोटं मशीन ठेवणार असेल तर ते फोटोपुरतं आहे असं मी स्पष्ट सांगतो. सिंहगड रोडवासी, तुमच्या मुलीसाठी तरी मशीनचा सीएडीआर शाळेला विचाराच.

मास्तरांचं गर्दीचं म्हणणं आकड्यातही बरोबर येतं. याच खोलीत ५० मुलं बसवून १००० च्या आत राहायचं तर तासाला आठ-दहा वेळा बाहेरची ताजी हवा पाहिजे, तीसच मुलं असतील तर पाच-सहा वेळा भागतं.

वाकडकर, २६०० ने काय होतं याबद्दल हार्वर्डच्या जोसेफ अ‍ॅलन यांच्या गटाचा २०१५ चा अभ्यास लोक नेहमी पुढे करतात, त्यात ताज्या हवेत निर्णय घ्यायच्या चाचण्यांचे गुण बरेच वाढले होते, पण तिथे २४ जण होते आणि सगळे ऑफिसात काम करणारे मोठे लोक, त्यामुळे तो जसाच्या तसा तिसरीच्या मुलांना लावू नये. संसर्गाचा मुद्दा जास्त भक्कम आहे, गोवर आणि टीबी हवेतून पसरतात आणि कोंदट खोलीत जास्त पसरतात यात वादच नाही.

रस्त्याकडेच्या शाळेला माझा सल्ला, रस्त्याच्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवा, मैदानाच्या किंवा मागच्या बाजूने हवा आत घ्या आणि एक्झॉस्ट फॅन लावून व्हरांड्याकडे बाहेर काढा. साधा बारा इंची एक्झॉस्ट फॅन दोन-अडीच हजारात येतो. मात्र आत यायला वाट ठेवली नाही तर नुसता फॅन फिरेल, हवा हलणार नाही, ही चूक फार ठिकाणी बघितलीये. डासांसाठी जाळी लावा पण दर महिन्याला धुवा, धुळीने भरलेल्या जाळीतून काही येत नाही.

सिंहगड_रोडवासी

मागे मैदान नाहीये साहेब, मागे दुसऱ्या सोसायटीचं पार्किंग आहे. अशा शाळा पुण्यात भरपूर आहेत.

हवेचा_इंजिनिअर

मग फिल्टर लावलेली ताजी हवा आत ढकलणारं युनिट लागेल, डक्टसकट. ते महाग आहे पण त्यात तुमची धूळ आणि ताईंचा कार्बन डायऑक्साइड दोन्ही सुटतं. एसीवर घालवणार तेवढे पैसे यावर घाला असं मी म्हणेन.

वाकडकर

आणि चाळीस डिग्रीत पोरं भाजू द्यायची? मला नाही पटत. आधी एसी, मग बाकीचं.

कोथरूडची_आई

वाकडकर, उकाडा खराच आहे, त्यासाठी छताला पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पेंट मारा, पत्र्याखाली सिलिंग घाला, हे एसीच्या बिलापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. आणि एसी लावलाच तर तास संपला की पाच मिनिटं दार-खिडक्या सताड उघडायचा नियम लेखी हवा.

सिंहगड रोडवासी, तुमच्या मुलीच्या वर्गात प्युरिफायर हवा हे मला मान्य आहे. माझा विरोध सरसकट सगळ्यांकडून पैसे घेऊन खिडक्या कायमच्या बंद करण्याला आहे. थंडीत सकाळी गार हवा जमिनीलगत बसून राहते आणि धूर वर जात नाही, ऊन चढलं की सुटतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग ९ च्या आधी भरवू नका म्हणून काढलं ते मुलांच्या झोपेसाठी होतं, पण मोठ्या मुलांचे वर्ग अजून सातला भरतात, त्यांनी तरी पहिल्या तासाला रस्त्याकडची बाजू बंद आणि दहानंतर उघडी असं करायला काय हरकत आहे? आणि गेटसमोर व्हॅनवाले काका इंजिन चालू ठेवून थांबतात, तो धूर थेट बालवर्गात जातो. ते बंद करायला एक पाटी आणि एक वॉचमन पुरतो.

सिंहगड_रोडवासी

व्हॅनचं शंभर टक्के बरोबर. पण आमच्या शाळेने मागितले तर मी पैसे भरणार आहे, कारण पाटी लागेपर्यंत आणि खिडक्यांपुढची कपाटं हलेपर्यंत माझी मुलगी त्याच वर्गात बसणार आहे. शाळेकडून फक्त दोन गोष्टी लेखी घेणार, मशीनचा सीएडीआर किती आणि फिल्टर कोणत्या महिन्यात कोण बदलणार.

पेठेतले_मास्तर

तिसरीही घ्या. प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर मीटर हवा, आणि तो मुलांना दिसेल असा. आकडा हजाराच्या वर गेला की खिडकी उघडायची जबाबदारी मॉनिटरकडे द्या, पोरं असली कामं आपल्यापेक्षा नेमाने करतात.