खेळातून वाचन : फसलेले अनुभवही चालतील

इंदूरच्या आपल्या घरांतली मुलं शाळेत हिंदी वाचतात, घरी मराठी बोलतात. वाचतात घडाघडा, पण ‘काय वाचलंस?’ म्हटलं की गप्प. खेळातून कुणाला काही जमलंय का? लिहा.

आधी माझं. दिवाळीच्या सुट्टीत लेकीसाठी घरभर चिठ्ठ्या लपवल्या, प्रत्येकीत पुढच्या चिठ्ठीचा पत्ता. तिसरीत लिहिलं होतं, ‘फळीवर नाही, खाली डब्यात बघ.’ बाईसाहेबांनी स्वयंपाकघरातले रिकामे डबे एकूण एक उघडले! हिंदीत खाली म्हणजे रिकामं. चिठ्ठी होती फळीखालच्या रव्याच्या डब्यात. अर्थ तिने लावला होता, फक्त दुसऱ्या भाषेतला. आता अशा शब्दांची वही केलीय. ‘शिक्षा’ लिहिताना तिने विचारलं, शिक्षा विभागात छड्या ठेवतात का?

सुदामानगर, शिक्षिका
२०२१ मध्ये केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान आलं, तेव्हापासून ‘तिसरीपर्यंत समजून वाचता यायला हवं’ हे सारखं कानावर पडतं. मी गोष्टीतली आठ वाक्यं कापून पट्ट्या देते, गटाने क्रम लावायचा. पहिल्याच दिवशी एक गट दोन मिनिटांत मोकळा. मी खूश! पठ्ठ्यांनी वाचलंच नव्हतं. माझी कात्री वाकडी चालते, त्या कडा जुळवल्या होत्या. आता पट्टी धरून कापते आणि वर विचारते, हे वाक्य इथेच का? ‘तो’ म्हणजे कोण, ‘म्हणून’ कशामुळे, यावर खरी भांडणं होतात. शेजारच्या वर्गाच्या बाई वैतागतात, पण तेवढा गोंगाट मी चालू देते.

एक बाबा
आम्ही पैसे भरून ॲप घेतलं. रोज तारे, बक्षिसं. पोरगं उताऱ्याकडे न बघता चारही पर्याय दाबून बघायचं, चुकलं तरी काही जात नव्हतं. महिन्याने बंद केलं.

रामबाग, आजी
मी नातवाला पाककृती लिहून देते, मुद्दाम एक चूक घालून. ती शोधली की खाऊ. परवा पोह्यांची कृती होती, त्यात ‘पोहे तासभर पाण्यात भिजत ठेवा’ लिहिलं. तेवढ्या वेळात लापशीच व्हायची! ते त्याने लगेच धरलं, पण कागद काही सोडेना. म्हणाला, ‘आजी, चुका दोन आहेत. बडीशेप लिहिलीच नाहीस.’ इंदुरी पोह्यांत ती असतेच, पण मी माहेरची पुण्याची, आमच्या पोह्यांत कुठली बडीशेप! दोन लाडू द्यावे लागले.